अंगणातली ५४ सिलिंडरं

न्यू हॅम्पशर, व्हरमाँट किंवा न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला नैसर्गिक वायूची पाइपलाइन शहरापुरतीच येते. मराठी माणूस मात्र शहराबाहेर जातो, एकरभर जागा आणि मागे वाहणारा ओढा बघून भुलतो आणि घर घेतो. घर दाखवणारा एजंट किचन दाखवतो, डेक दाखवतो, शाळेचं रेटिंग सांगतो. घर तापवणारा प्रोपेन गॅस ज्यात असतो, त्या घरामागच्या पांढऱ्या लांबोडक्या टाकीकडे कुणी ढुंकून बघत नाही. जानेवारीतलं पहिलं बिल आलं, की मग टाकीशिवाय दुसरं काही दिसत नाही.

या टाकीचा हिशेब आपल्या भाषेत मांडून बघा. टाकी ५०० गॅलनची असली तरी भरतात ८० टक्केच, म्हणजे ४०० गॅलन. गाडीवाला १०० गॅलन मारतो असा संशय घेऊ नये. उन्हाने द्रव प्रोपेन फुगतो, त्याला जागा ठेवावी लागते. एका गॅलनचं वजन सव्वाचार पौंडांच्या आसपास. सगळं मिळून ७७० किलो, म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरच्या मापाने ५४ सिलिंडरं. पुण्यात कुणी अंगणात ५४ सिलिंडरं रचली असती तर सोसायटीने त्याच रात्री तातडीची सभा बोलावली असती. इथे त्यावर खारी बागडतात.

आता खप. बाहेर दिवसाची सरासरी १५ फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली ९ सेल्सिअस असेल, तर मध्यम आकाराचं घर दिवसाला १० गॅलन सहज पितं. आपल्या सिलिंडरात मावेल एवढा प्रोपेन म्हणजे जेमतेम साडेसात गॅलन. भारतात दीड-दोन महिने पुरणारं सिलिंडर इथे सकाळच्या चहाला जोडलं, तर रात्री एकच्या सुमारास संपेल. शिवाय आपल्याकडचं सिलिंडर इथे आणून भागणारही नाही. त्यात ब्यूटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपासच वायू व्हायचं नाकारतो. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसला उकळतो, म्हणून तो इथल्या थंडीतही कामावर हजर असतो.

एवढं सगळं असताना घराघरांत भांडण होतं ते थर्मोस्टॅटवरून.

"अहो, ६६ वर कोण राहतं? हे फ्रिजचं तापमान आहे."

"अगं, स्वेटर घाल की. आणि पायात मोजे."

डिसेंबरात आई-बाबा नागपूरहून आले, की हे भांडण त्रिपक्षीय होतं. बाबा रात्री हळूच उठून काटा ७८ वर नेतात, कारण ८० च्या जवळ नेला की घर लवकर तापतं अशी त्यांची श्रद्धा. साध्या एका वेगाच्या फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीला, ६८ सांगा नाहीतर ८० सांगा, ती तापवते त्याच वेगाने. फक्त थांबत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा, की रोज ८ तास थर्मोस्टॅट ७ ते १० अंश फॅरनहाइटने खाली ठेवला तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होते. म्हणजे भांडण जास्तीत जास्त दहा टक्क्यांचं आहे. उरलेल्या नव्वदाकडे बघायला कुणाला वेळ नाही, कारण ते नव्वद टक्के उन्हाळ्यात ठरतात आणि उन्हाळ्यात कुणाला थंडी आठवते?

पहिला प्रश्न विचारायचा तो हा: टाकी कुणाची? बहुतेक ठिकाणी ती कंपनीची असते आणि आपण भाडेकरू. कंपनीच्या टाकीत दुसऱ्या कंपनीला गॅस भरता येत नाही. शेजारच्या गावातला वितरक गॅलनमागे साठ सेंट कमी सांगो की एक डॉलर, आपण नुसतं हो का, वा, असं म्हणायचं. टाकी आपली असेल तर मात्र ऑगस्टात चार जणांना फोन करून भाव पाडता येतो. माझं स्पष्ट मत आहे, की त्या घरात दहा वर्षं राहायचं असेल तर टाकी विकत घ्यावी. ५०० गॅलनपर्यंतची टाकी घरापासून किमान १० फूट लांब लागते, त्याहून मोठी, म्हणजे १००० गॅलनची, २५ फूट. छोट्या प्लॉटवर मोठी टाकी घेऊन वर्षभराचा गॅस उन्हाळ्यातच भरून ठेवायचा बेत बऱ्याचदा इथेच आडवा होतो.

टाकी भाड्याची असेल तर करार वाचा, आणि तोही मागच्या पानापासून. वर्षाला ठरावीक गॅलन जाळले नाहीत तर टाकीचं भाडं, करार मोडला तर टाकी उचलण्याचं आणि आतला गॅस उपसण्याचं शुल्क, धोकादायक माल वाहतुकीचा आकार, इंधन अधिभार, अवेळी बोलावल्याचा आकार. गॅलनचा भाव फोनवर गोड आवाजात सांगतात. ही बाकीची मंडळी थेट बिलावरच भेटतात. भाव विचारताना "सगळे आकार धरून, दारात पोचता, १५० गॅलनला किती?" असं विचारायचं.

भावाचे तीन प्रकार असतात. त्या दिवशीचा बाजारभाव, उन्हाळ्यात आगाऊ पैसे भरून पक्का केलेला, आणि वर मर्यादा घातलेला. मर्यादेचा भाव घेताना जादा शुल्क पडतं, पण बाजार पडला तर आपलाही भाव पडतो. आगाऊ भरलेल्यात तो पडत नाही, नुसती चुटपुट लागते. आगाऊ पैसे देताना कंपनी बुडाली तर काय, हे विचारायला लाजू नये. मराठी माणूस पतपेढ्यांच्या अनुभवाने या बाबतीत तयार असतोच.

भाव वर का जातो? थंडी हे एक कारण. दुसरं कारण मका. आयोवा, मिनेसोटाकडे काढणीनंतर ओला मका प्रोपेनच्या ड्रायरने वाळवतात. २०१३ च्या शरद ऋतूत पीक अमाप आणि ओलं आलं, त्याने साठा बराच रिकामा केला, आणि पाठोपाठ जानेवारी २०१४ ची ध्रुवीय थंडी उतरली. मध्य-पश्चिमेत भाव आकाशाला भिडले. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात मक्याच्या बातम्या वाचाव्यात. शेअर बाजारापेक्षा त्याच आपल्याला जास्त लागू.

टाकीच्या झाकणाखाली टक्क्यांचा काटा असतो. ३० ला आला की फोन करायचा, २० ला नव्हे, कारण त्याच आठवड्यात हिमवादळ असतं आणि सगळ्यांचाच काटा २० वर असतो. काट्यावर विश्वास नसेल तर टाकीच्या अंगावरून गरम पाण्याचा एक लोटा ओता आणि हात फिरवा: द्रव असेल तिथपर्यंत पत्रा गार लागतो. आपल्या आया सिलिंडरला ओलं फडकं गुंडाळून गॅस किती उरला ते सांगायच्या, तेच शास्त्र. कडाक्याच्या थंडीत टाकी तळाशी आली, की आणखी एक गंमत होते. द्रवाला बाहेरून उष्णता घ्यायला भिजलेला पत्रा कमी उरतो, वायू पुरेसा बनत नाही, आणि गॅस शिल्लक असूनही फर्नेस धापा टाकते.

गॅस पूर्ण संपला तर नुसता भरून भागत नाही. आधी पूर्ण लाइनची गळती तपासणी, मग पायलट, म्हणजे सतत जळणारी छोटी ज्योत, पेटवणं, आणि त्याचं वेगळं बिल. हे काम आपण करायचं नाही. वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो बेसमेंटमध्ये जाऊन बसतो.

बर्फाचंही काम असतं. टाकीवरचं आणि रेग्युलेटरवरचं बर्फ झाडूने काढायचं, फावड्याने नाही. टाकीपर्यंत वाट मोकळी ठेवायची, नाहीतर गाडीवाला दारावर चिठ्ठी लावून निघून जातो. नव्या, ९५ टक्के कार्यक्षम फर्नेसचा धूर पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून भिंतीबाहेर सोडलेला असतो, जमिनीपासून फार उंच नाही. तो बर्फाखाली गेला की आतला प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो. रात्री दोनला तंत्रज्ञ बोलवण्याआधी टॉर्च घेऊन बाहेर जावं आणि तो पाइप बघावा. मग फिल्टर बघावा. काळ्या गोधडीसारखा झालेला फिल्टर हवा अडवतो, फर्नेस आतून जास्त तापते आणि लिमिट स्विच तिला वारंवार थांबवतो.

घर किती पितं हे कळायला एक आकडा पुरतो, आणि गॅस कंपनी तोच वापरून आपोआप गाडी पाठवते. ६५ फॅरनहाइटमधून दिवसाचं सरासरी तापमान वजा करा; १५ असेल तर उरले ५०. हे त्या दिवसाचे डिग्री-डे. दोन भरण्यांमधल्या डिग्री-डेची बेरीज जाळलेल्या गॅलननी भागा. उन्हाळ्यातला आंघोळीचा आणि स्वयंपाकाचा गॅस आधी वजा करा म्हणजे निव्वळ तापवण्याचा आकडा मिळतो. ५० डिग्री-डेला १० गॅलन, म्हणजे ५. हा आकडा दरवर्षी तसाच राहिला पाहिजे. ५ चा ४ झाला तर कुठेतरी काहीतरी फुटलंय, मग ते नळीत असो वा भिंतीत.

बहुधा भिंतीत, किंवा डोक्यावर. ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढायची झडप ही बऱ्याच घरांत पाव इंचाची प्लाय असते. भोवती आर-४९ चा, म्हणजे थंडी अडवणारा जाडजूड कापूस आणि मधोमध हे भोक. झडपेला जाड फोम चिकटवणं आणि कडेला रबरी पट्टी लावणं हे एका शनिवारचं काम आहे. बेसमेंटमध्ये पाया आणि लाकूड भेटतात त्या कडेला फोम भरणं, हे दुसऱ्या शनिवारचं. खिडक्या बदलायचा विक्रेता दारात येईल तेव्हा त्याला चहा द्या आणि परत पाठवा. आधी दारात पंखा लावून घराच्या फटी शोधणारी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या, कारण खिडकीचा नंबर फार नंतर लागतो.

आपल्या घरांत एक खास भोकही असतं: चुलीवरचा पंखा. फोडणी पडली की गृहिणी तो पूर्ण वेगाने लावते, आणि तिचं बरोबरच आहे, नाहीतर कोटांना हिंगाचा वास लागतो. पण ४०० सीएफएमचा पंखा मिनिटाला ४०० घनफूट तापवलेली हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच गार हवा फटींतून आत येते. बाहेर १५ असताना तासभर चालला तर पाव गॅलन प्रोपेन गेला. फोडणी झाली की वेग कमी करा, एवढंच. सणासुदीला मात्र गप्प बसावं. पुरणपोळीच्या दिवशी गॅलनची भाषा करणाऱ्याला पोळी मिळत नाही. त्याऐवजी दिवाणखान्यातल्या शोभेच्या फायरप्लेसचा पायलट बंद करा. ती निळी ज्योत एकटीच महिन्याला पाचेक गॅलन खाते आणि तिच्या अंगावर कुणी शेकतही नाही.

आता पर्याय. ९५ टक्क्यांच्या फर्नेसमध्ये एक गॅलन प्रोपेन जवळपास ८७,००० बीटीयू (हे उष्णतेचं माप) देतो. विजेचं एक युनिट ३,४१२ बीटीयू. साधा हीटर असेल तर गॅलनच्या बरोबरीला २५ युनिट लागतात, म्हणून १५०० वॅटचा हीटर खोलीत लावून प्रोपेन वाचवल्याचा आनंद वीजबिल येईपर्यंतच टिकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतून उष्णता ओढतो आणि एका युनिटचं सरासरी अडीच युनिटांचं काम करतो, म्हणून त्याला १० युनिट पुरतात. तेव्हा विजेचा दर, वहनशुल्कासकट, गुणिले १०. ३० सेंटची वीज असेल तर ३ डॉलरचा प्रोपेन बरोबरीत. १८ सेंटची असेल तर १ डॉलर ८० सेंटच्या वरचा प्रोपेन हरला. फर्नेस जुनी, ८० टक्क्यांची असेल तर दहाऐवजी साडेआठाने गुणा. न्यू इंग्लंडात वीज महाग, त्यामुळे निकाल अनेकदा काठावर लागतो.

म्हणून मला फर्नेस न काढता हीट पंप जोडण्याची व्यवस्था जास्त पटते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च, एप्रिल पंपावर, आणि ठरावीक तापमानाखाली प्रोपेन. उपकरण ५ फॅरनहाइटलाही चालतं, पण तिथे एका युनिटचं दोनाच्या आसपासच काम होतं. पंपावरून प्रोपेनवर कुठल्या तापमानाला जायचं ते वरच्या सूत्राने ठरवा. बसवणाऱ्याने ४० वर ठेवून दिलं असेल तर पंप वर्षातला निम्मा वेळ झोपा काढेल. बाहेरचं युनिट दीड-दोन फुटी स्टँडवर, पागोळ्यांपासून लांब. पंपावर असताना थर्मोस्टॅट रात्री खाली आणि सकाळी वर करू नका, सकाळच्या घाईत तो मदतीला महाग इंधन बोलावतो. किती टनाचा लागेल हे चौरस फुटांवरून सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि घराचं उष्णतेचं रीतसर गणित करणारा शोधा. खर्चाच्या ३० टक्के, २००० डॉलरपर्यंतची केंद्राची करसवलत २०२५ अखेर संपली. राज्याच्या आणि वीज कंपनीच्या योजना कामाआधी विचाराव्या लागतात.

लाकडी पेलेटची, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या कांड्यांची, स्टोव्ह वाईट नाही. एक टन पेलेट साधारण १५० गॅलन प्रोपेनचं काम करतो. पण टन म्हणजे ४० पौंडांच्या ५० पिशव्या, आणि कंबर आपली. शिवाय वीज गेली की ती बंद. फर्नेसही बंदच, तिचा पंखा विजेवर असतो. जमिनीत भोकं पाडून उष्णता काढायची पद्धत उत्तम आहे, ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत त्याच्यासाठी.

हीट पंप लागला, प्रोपेनचा खप घटला, की कंपनी वेगळ्याच वाटेने भेटते. कमी गॅलन घेणाऱ्याला गॅलनचा भाव चढा लागतो आणि ५०० च्या टाकीचं भाडं सुरू होतं. लगेच फोन करून १२० गॅलनची उभी टाकी मागा. ती मागताना "मग टाकीच काढून टाकू या की" असं कुणीतरी म्हणतं, इंडक्शनची शेगडी ठरते, आणि बेत फुलका आणि भरताच्या वांग्यापाशी अडतो. फुलका इंडक्शनवर तापवलेल्या तव्यावर फडक्याने दाबून फुगतो, थोडा हट्ट लागतो. वांग्यासाठी डेकवरच्या ग्रिलचं २० पौंडी सिलिंडर पुरे, त्यात ४.७ गॅलन मावतात, हिवाळाभर भरीत होईल. फक्त ते सिलिंडर थंडी आहे म्हणून घरात किंवा गराजमध्ये आणून ठेवायचं नाही. वांगं भाजायला जाकीट घालून बाहेर जायचं.