आलाच आहात तर तेवढा पंखा...

खिडक्या पुसायचा धंदा काढतोय असं घरी सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "लोकांच्या?" म्हणजे आपल्या घरच्या खिडक्या गेल्या गणपतीच्या चवथीपासून तशाच आहेत हा त्यातला टोमणा. बाबांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पेपर परत वर केला. मामाने तर कहर केला, फोंड्यात एका लग्नाच्या पंगतीत विचारलंन सध्या काय करतोस म्हणून, मी जरा ऐटीत म्हटलं ग्लास क्लिनिंग सर्व्हिस, तर तो शेजारच्या पानावरच्या माणसाला सांगतो, भाच्याने चष्म्याचं दुकान टाकलंय. त्यानंतर एकदोघांनी खरंच तुटलेल्या काड्या पाठवून दिल्या घरी.

पण मला सांगा, ह्या धंद्याला गोव्यासारखी जागा शोधून सापडेल का? एका बाजूला समुद्र. वाऱ्याबरोबर मीठ येऊन काचेवर बसतं, ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, काच चिकट होते आणि मग जी काय धूळ उडते ती तिथेच मुक्काम करते. समुद्रापासून लांब गेलात तर जांभ्याची लाल माती, स्लायडिंगच्या रुळात ती अशी बसते की त्यात भाजी पेरली तर उगवेल. वरून वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बोअरचं पाणी असेल तर सुकलेल्या थेंबांचे पांढरे डाग वेगळेच. आणि आता बिल्डर लोकांनी जिकडेतिकडे जमिनीपासून छतापर्यंत काचा लावल्यात, कारण दिल्ली-मुंबईच्या माणसाला व्ह्यू पाहिजे. गिऱ्हाईक देवानेच तयार करून ठेवलंय, फक्त त्याला खिशात हात घालायला लावायचं काम तेवढं देवाने माझ्यावर सोडलं.

हत्यारं म्हणाल तर काय, बादली, काच भिजवायचा पट्टा, मायक्रोफायबरची फडकी, रंगाचे-सिमेंटचे शिंतोडे काढायचं पातं, शिडी आणि मुख्य म्हणजे स्क्वीजी, काचेवरचं पाणी ओढून काढायची दांड्याची रबरी पट्टी. ही आजची हलकी, एकाच रबराची स्क्वीजी १९३६ साली एत्तोरे स्तेक्कोने नावाच्या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने काढली, त्याआधीची अवजारं जड असायची आणि रबर बदलायला ढीगभर स्क्रू काढत बसायला लागायचं. हा सगळा इतिहास मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितला. तिने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "एवढुस्सा वायपर? न्हाणीतला बरा की ह्याच्यापेक्षा."

तंत्र सोपं आहे. आधी भरपूर पाणी मारून मीठ-माती सोडवायची, कोरडं घासलं तर चरे पडतात, मग पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, पट्ट्याने काच भिजवायची, स्क्वीजी वरून खाली ओढायची, दर वेळी रबर पुसायचं, शेवटी कडा कोरड्या करायच्या. आणि उन्हात हे करायचं नाही, साबण सुकून पट्टे उठतात. पण सांगणार कोणाला, प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतोच जो मागे उभा राहून म्हणतो, "आम्ही पेपरने पुसतो, एकदम चकाचक होते." मग मला कशाला बोलावलंत हो!

शिडीची एक वेगळीच कथा. सुरुवातीला गाडी नव्हती, फोंड्याहून पणजीला प्रायव्हेट बसने जायचो. घडी करून शिडी कमरेएवढी होते, तरी कंडक्टर तिला प्रवासीच समजायचा. "फुडें वच, फुडें वच", म्हणजे पुढे सरक, हे त्याने मला म्हटलं तसंच शिडीलापण म्हटलं, आणि बाणस्तारीच्या पुढे येऊन तिचं तिकीट मागितलं. मी म्हटलं ती उभी आहे, सीट कुठे घेतलीय. तो म्हणाला, तूपण उभाच आहेस, तुझं घेतलंच ना. ह्यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

आता मुख्य त्रास. काच घाण असते तोपर्यंत तिच्याकडे कोण बघत नाही, वर्षानुवर्षं लोक त्या धुक्यातून समुद्र बघतात आणि म्हणतात वा काय व्ह्यू आहे. तीच काच पुसली की मात्र घरातले सगळे तिच्यासमोर येऊन उभे राहतात. दोनापावलच्या एका फ्लॅटमध्ये काकू आत, मी बाल्कनीत आणि मधे काच. काच अशी झालेली की नवखा माणूस नाकावर आपटला असता. काकूंनी आतून खूण केली, डाग. मी बाहेरून पुसलं. त्यांनी मान हलवली, अजून आहे. मी खुणेने सांगितलं आतून असेल. त्यांनी खुणेने सांगितलं बाहेरून आहे. मग त्या जवळ आल्या आणि नेमका कुठे ते दाखवायला त्यांनी काचेवर बोट टेकवलं. खोबरेल लागलेलं बोट. ते बोट उचललं आणि तिथे खराखुरा, गोल, रेषान् रेषा दिसतील असा डाग उठला. "हा बघा!" काकू विजयी मुद्रेने ओरडल्या, म्हणजे ऐकू काही आलं नाही पण ओठ कळले. मी आत जाऊन तो पुसला. तोवर सोफ्यावरून काका म्हणाले, हो आहे, मलापण दिसतोय, डावीकडे. मी डावीकडे पुसलं तर म्हणाले, आता उजवीकडे गेला. डाग सरकतोय म्हटल्यावर मला शंका आली. काकांचा चष्मा मागून घेतला, मायक्रोफायबरने पुसून परत दिला, आणि काकांनी जाहीर केलं की आता कसं, स्वच्छ झालं. मामा म्हणतो ते अगदीच खोटं नाही तर.

पण खरी परीक्षा पैसे द्यायच्या वेळी असते. खिडकीमागे दर ठरलेला असतो, फोनवर दोनदा बोललेलं असतं, तरी पाकीट उघडता उघडता काकू वर बघतात आणि ते वाक्य येतं. "आलाच आहात तर तेवढा पंखा पुसून टाकता? शिडी आहेच तुमच्याकडे." शिडी आहेच! ज्या घरात शिडी शिरते तिथे छताजवळची सगळी कामं एकदम जागी होतात. पंखा झाला की जळमटं, जळमटं झाली की माळ्यावरचं मोठं पातेलं, मग भिंतीवरच्या घड्याळाचा सेल. म्हापशाला एकांनी मला परसातल्या माडाकडे घेऊन जाऊन नुसतंच वर बघितलं. मी हात जोडले. माडाला शिडी पुरत नाही हे बरं आहे, नाहीतर आज मी नारळ पाडणारा पाडेली झालो असतो.

ह्या सगळ्यात एकच घर वेगळं निघालं. पणजीत फोंतेन्हासला एका म्हाताऱ्या बाईंचं जुनं घर, फोनवर खिडक्या किती ते सांगितलं पण कसल्या ते सांगितलं नाही. गेलो तर एकालाही काच नाही, सगळे शिंपले! काच महाग होती त्या काळात गोव्यात लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत चपटे, पातळ शिंपले बसवायचे, उजेड आत येतो पण रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही. झुआरीच्या काठी चिखलीच्या बाजूला हा शिंपला अजून सापडतो, पण खिडकीसाठी नवा मिळवणं आता सोपं राहिलेलं नाही. माझी ती इटालियन स्क्वीजी इथे कुचकामी. बरं, बाईंच्या शेजारणीने व्हिनेगरची बाटली आणून तयार ठेवलेली, म्हणाली डाग पटकन जातात. मी ती बाटली आधी खिडकीपासून लांब, पार स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, कारण काचेवरच्या क्षाराला व्हिनेगर बरं असलं तरी शिंपला स्वतःच चुन्याचा, त्यावर ते घातलं तर डागाबरोबर खिडकी जायची. मग मऊ ब्रशने पट्ट्यांमधली धूळ काढत बसलो आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक शिंपला टिपत गेलो, दातांच्या डॉक्टरसारखा. अख्खी दुपार गेली. बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली आणि बिल बघून म्हणाल्या, "इतले पयशे, पुता? आणि आरपार तर काहीच दिसत नाही!"

पावसाळ्यात धंदा जवळपास बंद. लोक म्हणतात पाऊसच धुतोय की फुकटात. आणि मग चवथ आली की सगळ्या गोव्याला एकाच आठवड्यात खिडक्या आठवतात, त्याच आठवड्यात आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायची असते आणि शिडी आईने आधीच अडवून ठेवलेली असते.

परवा पर्वरीहून एका नवीन नंबरवरून फोन आला. बाई म्हणाल्या, "तुम्हीच ना ते पंखे पुसणारे? दोनापावलच्या आमच्या वहिनींनी नंबर दिला." मी म्हटलं, हो, मीच. "चार पंखे आहेत. आणि आलाच आहात तर खिडक्यांवरून पण जरा हात फिरवाल ना?" मी म्हटलं, खिडक्यांचे वेगळे पैसे पडतील.

"अगोबाई," त्या म्हणाल्या, "खिडक्यांचेपण पैसे घेतात?"