‘आपोआप शिकणारा फिल्टर काहीच शिकत नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

एकच तारा दिलात, तो तुमचा हक्क आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फिल्टर आपोआप शिकेल असं सांगून आम्ही वर्षाचे पैसे घेतले, पण कर्जाच्या जाहिराती अजून इनबॉक्समध्ये येतात आणि गिऱ्हाइकांच्या पर्चेस ऑर्डरी स्पॅममध्ये जातात. शिवाय 13 गुण (गुण जितके जास्त, तितका स्पॅमचा संशय मोठा) मिळालेल्या मेलच्या हेडरवरही, म्हणजे मेलला जोडलेल्या तांत्रिक नोंदींतही, ‘ऑटोलर्न=नो’ (आपोआप शिकणं: नाही) दिसतं, म्हणजे आम्ही ती सोय चालूच केलेली नाही.

सोय बंद असती तर तिथे ‘डिसेबल्ड’ असं आलं असतं. ‘नो’ म्हणजे फिल्टरने विचार केला आणि या मेलवरून काही शिकायचं नाही असं ठरवलं. तुमचा फिल्टर, म्हणजे स्पॅमअसॅसिन, 5 गुणांवर मेलला स्पॅम म्हणतो, पण तिच्यावरून स्वतः शिकण्यासाठी त्याला 12 गुण लागतात. या 12 मध्ये बेझने, म्हणजे आधी शिकलेल्या मेलवरून अंदाज बांधणाऱ्या त्याच्याच भागाने, दिलेले गुण धरतच नाहीत. धरले तर तो स्वतःच्याच मतावर शिक्का मारत बसेल. तुमच्या 13 मध्ये ‘बेझ_99’ या बेझच्या नियमाचे साडेतीन होते, ते वजा करा. वर आणखी एक अट आहे: हेडरमधून किमान 3 आणि मजकुरातून किमान 3 गुण हवेत. तुमच्या त्या मेलचा सगळा मजकूर एका चित्रात होता. मग ‘नो’ येणारच.

ही मर्यादा 12 वरून 4 वर आणा, असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि आम्ही नकार दिला. आजही देऊ. 3 अधिक 3 च्या अटीमुळे 6 च्या खालच्या आकड्याला तसाही अर्थ नाही.

खरी गोम दुसऱ्या टोकाला आहे. 0.1 पेक्षा कमी गुण मिळालेली मेल फिल्टर ‘चांगली’ म्हणून शिकतो. तुमचा सर्व्हर नव्या मशिनवर हलवण्याचं काम तुम्ही दुसऱ्यांकडून करून घेतलंत. त्यांनी डीएनएससाठी, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते शोधण्यासाठी, सार्वजनिक रिझॉल्व्हर (पत्ते शोधून देणारा, सगळ्यांना खुला सर्व्हर) लावला. स्पॅमवाल्यांचे पत्ते आणि लिंक नोंदवणाऱ्या काळ्या यादीच्या सेवा अशा गर्दीच्या रिझॉल्व्हरला उत्तर देत नाहीत. तुमच्या हेडरमध्ये ‘यूआरआयबीएल_ब्लॉक्ड’ दिसतं ते त्यामुळेच. त्या तपासण्या बंद पडल्या, कर्जाच्या साध्यासुध्या मेलना शून्याच्या आसपास गुण मिळाले आणि फिल्टरने त्या चांगल्या म्हणून पाठ केल्या. विरजणच नासकं, मग रोजचं दही कसं लागणार?

पर्चेस ऑर्डरींचं कारण वेगळं. तुमच्या ऑफिसात काम उरकलेली मेल हटवायला ‘स्पॅम’चं बटण दाबतात. दिसायला मेल जाते खरी, पण ती जंक फोल्डरमध्ये पडते आणि रात्री फिल्टर तिच्यावरून शिकतो. (सहीच्या वेळी हे समजावून सांगितलं होतं, पण तेव्हा हजर असलेले गृहस्थ आता तुमच्याकडे नाहीत.) तुमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलाने मध्यंतरी हाताने शिकवणी घेतली, हे चांगलंच केलं. फक्त ‘एसए-लर्न’ (फिल्टरला शिकवायची आज्ञा) त्याने रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य यूजर, म्हणून चालवलं. फिल्टर चालतो वेगळ्या यूजरच्या नावावर, म्हणून ते सगळं रूटच्या खात्यात जमा झालं आणि फिल्टरला त्याचा पत्ताच नाही. ‘एसए-लर्न --डम्प मॅजिक’ दोन्ही यूजरमधून चालवलं की शिकलेल्या मेलच्या आकड्यांतला फरक लगेच दिसतो.

पैसे परत मागितलेत. करारातली उरलेली रक्कम हवी असेल तर नियमाप्रमाणे मिळेल, त्यावर वाद नाही. काम पुढे न्यायचं असेल तर आधी सर्व्हरवरच स्थानिक रिझॉल्व्हर बसवू, मग शिकवणीच्या जुन्या डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो पुसू. त्यानंतर किमान 200 स्पॅम आणि 200 चांगल्या मेल शिकवल्याशिवाय बेझ तोंड उघडणार नाही. तोवर बाकीचे नियम चालू राहतील. या मेल निवडायला तुमचंच माणूस लागेल, कारण तुमची ऑर्डर कुठली आणि जाहिरात कुठली हे आम्ही ठरवू शकत नाही. निवडलेल्या मेल आम्हाला फॉरवर्ड करू नका, त्यात मूळ हेडर नाहीसे होतात. दोन फोल्डर आम्ही करून ठेवतो, त्यांत सरळ हलवा. आणि तेवढं ते ‘स्पॅम’चं बटण हटवण्यासाठी वापरणं आजपासून थांबवायला सांगा.