सायकलचं हेल्मेट खरंच ‘ताशी २० पर्यंतच’ चालतं का?

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरत असतो. सायकलचं हेल्मेट ताशी २० किलोमीटरपर्यंतच उपयोगी, ते घातलं की गाड्या जास्त जवळून जातात, मानेला इजा होते आणि नेदरलँड्समध्ये तर कुणी घालतच नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणून ती पटतात. त्यांवरून काढलेला ‘हेल्मेट नकोच’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा आणि धोक्याचा आहे.

आधी २० चा आकडा. युरोपच्या ईएन १०७८ मानकाच्या चाचणीत डोक्याच्या आकाराच्या साच्यावर हेल्मेट चढवून तो सपाट पोलादी ठोकळ्यावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आदळवतात, म्हणजे ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर. हा वेग सायकलचा नाही. साधारण दीड मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना तिचा एवढा वेग असतो, आणि सायकलवर बसलेल्याचं डोकं जवळपास तेवढ्याच उंचीवर असतं. सायकल १५ ने चालली असो वा ३५ ने, चाक घसरून आडवं पडताना डोकं खाली येण्याचा वेग उंचीवर ठरतो. पुढे जाण्याचा वेग बराचसा रस्त्यावर घासत जाण्यात संपतो. त्या घासण्याने डोक्याला पीळ बसतो आणि तो मेंदूला घातक ठरू शकतो, हे खरं. त्यासाठीच काही हेल्मेटांत आतून किंचित सरकणारा थर असतो. स्वीडनमध्ये विकसित झालेली ‘मिप्स’ ही त्यातली सर्वांत परिचित पद्धत. गाडी किंवा भिंत समोरून आदळली तर मात्र पूर्ण वेग मोजावा लागतो, आणि तिथे हेल्मेटला मर्यादा आहेतच.

गाड्या जवळून जातात, हा दावा २००७ च्या एका अभ्यासातून आला. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी स्वतःच्या सायकलला सेन्सर लावून २,३०० हून अधिक ओव्हरटेक मोजले. हेल्मेट नसतानाच्या तुलनेत ते असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर अधिक जवळून गेल्या. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. एक मीटरपेक्षा जवळून गेलेल्या गाड्या वेगळ्या काढल्यावर हेल्मेटशी ठोस संबंध दिसला नाही. वॉकर यांनी पुढे त्यालाही उत्तर दिलं आणि हा वाद चालू राहिला. पण त्या अभ्यासात अंतर मोजलं होतं. अपघात किंवा जखमा मोजल्याच नव्हत्या. शिवाय खडी, खड्डा, रस्त्यावरचा ओला रंगीत पट्टा किंवा आडवं आलेलं कुत्रं यांमुळे पडताना शेजारी गाडी असावीच लागत नाही.

जखमांचा हिशेब २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात आहे. ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार त्यात होते. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. मानेच्या दुखापतीशी हेल्मेटचा संबंध आढळला नाही.

नेदरलँड्सचं म्हणाल, तर तिथे वेगळे सायकलमार्ग आहेत आणि लोक ताठ बसून संथ चालवतात. ताशी ४५ पर्यंत जाणाऱ्या वेगवान ई-सायकलींना तिथेही २०१७ पासून हेल्मेट सक्तीचं आहे. आपल्याकडे ट्रकशेजारून महामार्गाच्या कडेने जाणाऱ्याने तिथल्या संथ सायकलस्वाराचं उदाहरण घेण्यात अर्थ नाही.

हेल्मेट ‘असूनही लागलं’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा ते नीट बसवलेलं नसणं हे कारण असतं, म्हणून इथे जरा सविस्तर. टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवरून डोक्याभोवती फिरवा आणि त्या घेरानुसार साइझ घ्या. हेल्मेट आडवं, सपाट बसलं पाहिजे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. मागे कललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. मागचा डायल आवळा. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली इंग्रजी ‘व्ही’सारखे मिळायला हवेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक-दोन बोटं शिरावीत. मग बक्कल लावून हेल्मेट हाताने पुढे-मागे हलवा. कपाळाची कातडी सोबत हलली तर ते बसलं. नुसतंच सरकलं तर पडताना निघून जाईल. जाड टोपी किंवा उंच बांधलेला अंबाडा आत नको.

खरेदी करताना आतल्या लेबलवर ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससी मानकाचा उल्लेख पाहा. आतला थर्माकोलसारखा फोम चिरडला जाऊन धक्का शोषतो आणि पुन्हा फुगत नाही. त्यामुळे एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, फोम विरघळतो. साबणाचं पाणी पुरतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका.