फाटक पडते, घाई सुटते

नाशिक परिसरातल्या रेल्वे फाटकाचा दांडा खाली येऊ लागला, की आमच्या दुचाकीस्वारांना एकाएकी कसली घाई सुटते? एरवी टपरीवर एका कटिंगवर तासभर रेंगाळणारा गृहस्थ इथे हेल्मेट आरशाला अडकवून, मान मोडून, स्कूटर तिरपी करून दांड्याखालून सरपटतो आणि मागे बसलेल्या पत्नीस ‘तू उतरून चालत ये’ असे फर्मावतो! जिथे फाटक सिग्नलला जोडलेले असते, तिथे ते पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे या शूरवीरांपायी खोळंबते ती पंचवटी एक्स्प्रेसच, आणि तिच्या उशिराबद्दल पहिली बोंब मारणार तेही हेच. बंद फाटक बेकायदा उघडल्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६० नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण गेटमनवर डोळे वटारताना ते कुणाला आठवते? बरे, भुयारी मार्ग करून दिला, तर पावसाळ्यात त्याचे तळे होते, जणू नाशकात पाऊस पडतो हे आराखडा काढणाऱ्याच्या कानावरच गेले नव्हते. फाटक उघडते तेव्हा दोन्हीकडून अख्खा रस्ता अडवलेला, मधोमध रुळांवर कांद्याचा ट्रॅक्टर रुतलेला, आणि हॉर्नचा कल्लोळ! दोन्ही बाजूंना साधा दुभाजक टाकायला आता कोणता मुहूर्त काढायचा आहे?