'मागे जाड बार टाका' या सल्ल्याचं काय करायचं?

गाडी लो करणाऱ्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून तिची उंची कमी करणाऱ्या मंडळींत एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: 'लो केल्यावर मागून खडखड येते, वळणावर गाडी झुकते? मागचा स्वे बार 2 मिमी जाड टाका. आवाज जाईल, ग्रिप वाढेल. तरी काही राहिलं तर पॉलीबुश घाला आणि सगळे बोल्ट फुल टाइट करा.'

स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारी पोलादी दांडी. तिची दोन टोकं ज्या छोट्या दांड्यांनी सस्पेन्शनला जोडतात, त्या लिंक. बुश म्हणजे सांध्यातलं रबरी अस्तर; ते पॉलीयुरेथेनचं असलं की पॉलीबुश.

यातला एकेक शब्द घेऊ.

'आवाज जाईल.' का जाईल? खडखड येते ती कुठेतरी प्ले, म्हणजे सांध्यात ढिलेपणा आल्यामुळे. झुकणं ही वेगळी तक्रार. झिजलेल्या लिंकवर जाड बार चढवला, तर त्याच लिंकला आणखी जोराचे धक्के बसतात. मी स्वतः हा शहाणपणा केला आहे. जाड बार टाकला, पंधरा दिवस बरं वाटलं, मग आवाज दुप्पट झाला. दोष उजव्या लिंकच्या बॉल जॉइंटमध्ये होता. आधी दोन्ही लिंक बदलल्या असत्या तर बाराचे पैसे वाचले असते.

खात्री करायला दोन्ही बाजूंच्या लिंक बारापासून सोडवा, लोंबणारी टोकं बांधून ठेवा आणि गल्लीतल्या खराब रस्त्यावर अगदी हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर दोष बार, लिंक किंवा बारच्या बुशमध्ये. तसाच राहिला तर बार निर्दोष; मग शॉकअपचं वरचं माउंट आणि एक्झॉस्टचे रबर हँगर बघा. त्याहीआधी डिकीतला जॅक. हसू नका, निम्मे 'सस्पेन्शनचे आवाज' तिथेच सापडतात, असं माझं मत झालंय.

लिंक तपासताना बहुतेक जण एकच चाक जॅकवर उचलतात आणि लिंक हलवून 'घट्ट आहे' म्हणतात. एक चाक लोंबतं तेव्हा बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि प्ले लपतो. दोन्ही चाकं एकाच पातळीत हवीत. गाडी पिटवर घ्या, एकाला बाजूनं गाडी झुलवायला सांगा आणि लिंकवर बोटं ठेवा. ठोका बोटांना कळतो.

आणि तुमच्या गाडीला मागे लिंक आहेत का, हे तरी बघितलंय? स्विफ्ट, पोलो, आय20 यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई आहे. पिळ सोसायचं काम तो बीमच करतो. वेगळा बार लावलाच तर तो बीमलाच बोल्टनं जोडतात. तिथे 'लिंक बदला' हा सल्ला हवेतला.

'ग्रिप वाढेल.' बार ग्रिप तयार करत नाही. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, ते मुख्यतः गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ठरवतं. बार फक्त त्या वजनाची पुढच्या-मागच्या चाकांत वाटणी बदलतो. मागे बार जाड केला की मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो आणि पुढचं टोक चांगलं वळतं. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत कोरड्या ट्रॅकवर हे सुखद वाटतं. पण ताम्हिणीत पावसात, उतारावरच्या वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की हीच गाडी मागून निसटते.

'2 मिमीनं काय होतंय?' बराच फरक पडतो. भरीव बाराचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो: 20 मिमीचा 22 केला की सुमारे 46 टक्के. उलट 22 मिमीचा बार पोकळ असेल आणि आतलं भोक 16 मिमीचं, तर तो 20 मिमीच्या भरीव बारापेक्षा जेमतेम 5 टक्के कडक. म्हणून नुसता बाहेरचा व्यास वाचून खरेदी करू नये. हा वाढलेला जोर शेवटी ब्रॅकेटवर आणि सबफ्रेमवर, म्हणजे सस्पेन्शन ज्यावर बसतं त्या चौकटीवर येतो. होंडा सिव्हिकच्या 1990च्या दशकातल्या ईजी आणि ईके पिढ्यांत जाड मागचा बार लावल्यावर सबफ्रेमचा पत्रा बोल्टांपाशी फाटल्याची उदाहरणं त्या गाड्यांच्या शौकिनांना पाठ आहेत. म्हणून तिथे आधी जाड प्लेट लावतात, मग बार.

पॉलीबुशवर फार बोलायला नको. चांगले असतात, पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवले की करकरतात. रबरी बुशवर मात्र जळकं ऑइल मारू नका, रबर फुगून मऊ पडतं.

'फुल टाइट' मात्र घातक. आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश चाकं लोंबती असताना घट्ट केले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लो केलेल्या गाडीत जुने बोल्ट तसेच ठेवले तरी हेच होतं. गाडी सपाट जागी स्वतःच्या चाकांवर उभी करून ते ढिले करा आणि कंपनीनं दिलेल्या टॉर्कला पुन्हा घट्ट करा. बाराची शेवटची लिंकही तेव्हाच जोडायची, जमलं तर ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवून. बोल्ट हातानं भोकात गेला पाहिजे. ठोकून घालावा लागला तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे. तिथे लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक लागेल.