अर्ध्या हळकुंडानं पिवळी

आमच्या हळदीच्या कारखान्यात मी हिशेब बघते. सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला राजापुरी हळद घ्यायची, कुपवाडला आणून दळायची, पाकिटात भरायची, एवढाच आमचा धंदा. पण अन्नसुरक्षेचं ऑडिट लागलं आणि मालक म्हणाले, "मॅडम, त्यांना फ्लोचार्ट पाहिजे. प्रोफेशनल दिसला पाहिजे. आतल्या कंप्युटरवर व्हिजिओ हाय, दुपारपर्यंत होतंय की."

पी हळद अन् हो गोरी!

आतला कंप्युटर म्हणजे जुन्या विंडोज एक्सपीवाला. टॅलीची जुनी वर्षं बघायची असली तरच त्याच्यावरचं फडकं निघतं. त्यात व्हिजिओ २००३ होतं, म्हणजे असले फ्लोचार्ट काढायचं सॉफ्टवेअर. हे घराणं तसं १९९२ चं, शेपवेअर नावाच्या अमेरिकन कंपनीचं. २००० साली कंपनीसकट मायक्रोसॉफ्टच्या घरी नांदायला गेलं. आमच्याकडचं अपत्य लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षाचं. सल्लागारांनी ईमेलनं नमुन्याची फाइल पाठवली होती, ती व्हीएसडीएक्स. हा प्रकार आला २०१३ च्या आवृत्तीत. पणतवंडाची भाषा पणजोबांना कुठली कळायला? उघडलीच नाही.

पहिला अर्धा तास मात्र झकास गेला. डावीकडच्या स्टेन्सिलमधून, म्हणजे तयार आकारांच्या पेटीतून, चौकोन उचलायचा, पानावर ओढून सोडायचा, आत लिहायचं 'आवक'. दुसरा 'साफसफाई'. मग 'दळण', 'चाळण', 'पॅकिंग'. पाच चौकोनांतच मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले आणि मालकांना बोलावून दाखवलं. तिथंच चुकलं. ते म्हणाले, "चाळण जरा उजवीकडं घ्या की."

घेतली. दोन बोटं. तर तिच्या सगळ्या रेघा उठल्या आणि गणपती पेठेतली गर्दी चुकवून बोळाबोळानं निघालेल्या रिक्षासारख्या भलतीकडून वळसे घेत पॅकिंगच्या पाठीमागनं आत शिरल्या. जिथं रेघ रेघेला आडवी गेली, तिथं सॉफ्टवेअरनं आपणहून एक छोटी कमान बांधली. कमानीवरनं रेघ पलीकडं. मी तिला आयर्विन पूल म्हणायला लागले, आमच्या सांगलीच्या कृष्णेवरच्या पुलाचं नाव. संध्याकाळपर्यंत असे चार पूल झाले.

दोष त्या सॉफ्टवेअरचा नाही, माझाच. रेघेचं टोक चौकोनावरच्या निळ्या फुलीला चिकटवलं तर ते तिथंच राहतं. टोक चौकोनाच्या मध्यावर नेलं आणि अख्ख्या चौकोनाला लाल कड आली, की मग कुठल्या बाजूनं शिरायचं ते रेघच ठरवते. आमच्या घरात दीर असेच वागतात. हे मला कळलं दुसऱ्या दिवशी, एकतीस रेघा चिकटवून झाल्यावर.

मराठीचं तर विचारूच नका. प्रक्रियेची माहिती जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती इथं आणून चिकटवली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांचं भडंग झालं. फक्त शेंगदाणे नव्हते. सगळं मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये नव्यानं टाइप केलं.

आता ओलावा तपासणी. निर्णय असेल तिथं शंकरपाळीचा आकार टाकतात, हे मला माहीत होतं. पण निर्णय घेतो कोण? आमचे मुकादम. त्यांना विचारलं तर त्यांनी पोत्यातनं एक हळकुंड काढलं आणि माझ्या कानाशी नेऊन मोडलं. "ऐकलं काय ताई? कट्टदिशी मोडलं, म्हंजे वाळलंय. लवलं, की परत उन्हात." शंकरपाळीत मजकूर मावत नाही, कोपरे वाया जातात. शेवटी लिहिलं 'कट्ट?' आणि दोन बाण काढले, हो आणि नाही. 'नाही'चा बाण परत उन्हाकडं नेताना पाचवा आयर्विन पूल झाला.

प्रिंट काढली. चित्र ए-थ्रीचं, प्रिंटर ए-फोरचा. तुकडे होऊन पानं आली. मी जमिनीवर बसून ती सेलोटेपनं जोडत होते. मुकादम दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "पतंग करताय काय?" एका पानात बसवायची सोय पेज सेटअपमध्येच होती. तीसुद्धा नंतर सापडली.

ऑडिटवाले आले. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, बारा पायऱ्यांत चौथी पायरी हे चित्र काढायची आणि पाचवी ते हातात घेऊन कारखान्यात फिरून पडताळायची. ते फिरले. शंकरपाळीपाशी थांबून विचारलं, "हे कट्ट काय?" मुकादमांनी खिशातनं हळकुंड काढून मोडून दाखवलं. साहेब खूश! मी सुटले म्हणून श्वास सोडला, तेवढ्यात मुकादमांना चेव आला. "साहेब, हिकडं बघा, दळायच्या आधी लोहचुंबकबी हाय. खिळा, मोळा काय आला तर धरतंय."

साहेबांनी कागद वर-खाली बघितला. "हे चित्रात नाही."

"एकच चौकोन वाढवायचाय," मालक माझ्याकडं वळून म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

कंप्युटरवरचं फडकं पुन्हा काढलं. दळणाचा चौकोन धरला आणि जागा करायला म्हणून हळूच दोन बोटं खाली ओढला. पहिला आयर्विन पूल जाग्यावरनं उठला आणि पॅकिंगच्या डोक्यावर जाऊन बसला.