कपाळावरचा सेन्सर आणि पडणारं बीपी

सांगली-मिरजेकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘कमी दिवसांच्या बाळाच्या कपाळावर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावला की बीपी पडतच नाही. पल्स ऑक्सिमीटरला जे कळत नाही ते त्याला कळतं. मेंदूतला रक्तस्राव टळतो. हे यंत्र नसेल त्या दवाखान्यात बाळ ठेवू नका.’

यातलं ऑक्सिमीटरबद्दलचं वाक्य खरं आहे, म्हणून आधी तेच घेऊ. बाळाच्या पायाला बांधलेला ऑक्सिमीटर धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगतो. तो पेशींपर्यंत पोचला का, हे त्याला कळत नाही. कपाळावरचा सेन्सर निअर इन्फ्रारेड प्रकाश आत सोडतो आणि परत आलेला मोजतो. त्याच्या वाटेत येणारं रक्त बहुतांशी शिरांमधलं असतं, त्यामुळे पडद्यावरचा आकडा म्हणजे मेंदूनं वापरून उरलेला ऑक्सिजन. ऑक्सिमीटर ९२ आणि मेंदूचा आकडा ६९ असेल, तर आलेल्यातला पाव हिस्सा खर्च झाला. ऑक्सिमीटर ९२ वरच आहे आणि मेंदूचा आकडा ४६ वर आला, तर निम्मा खर्च होतोय, म्हणजे पुरवठा आटलाय. ऑक्सिमीटरकडे बघणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा ९२ च दिसतो.

बीपीची चाहूल लागण्याची गोष्टही इथूनच आली. रक्त कमी पडू लागलं की शरीर आधी कातडी आणि स्नायूंकडचा पुरवठा आवळतं आणि बीपी काही काळ टिकवून धरतं. म्हणून पोटरीवर सेन्सर लावला तर तिथला आकडा बीपीच्या आधी उतरू शकतो. हे कपाळावर नव्हे, पोटरीवर, हा तपशील फॉरवर्डमध्ये गळून पडलाय.

‘बीपी पडतच नाही’: सेन्सर मोजतो, उपचार करत नाही. मेंदूचा आकडा ५५ च्या खाली गेला की आधी सेन्सर नीट चिकटलाय का हे बघायचं. खाली केस आले, पट्टी सैल झाली किंवा काविळीच्या दिव्याचा उजेड आत शिरला तर आकडा फसवतो. मग कारण शोधायचं. व्हेंटिलेटर जास्त जोरात चालून कार्बन डायऑक्साइड उतरला असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. तिथं औषध लागत नाही, व्हेंटिलेटर कमी करावा लागतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त द्यायचा विचार. व्हेंटिलेटरमुळे फुप्फुसातला दाब जास्त असेल तर हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी अशी रक्तवाहिनी) उघडी असेल तर ते इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं. बीपी हे या यादीतलं एक कारण झालं.

उलटही घडतं. सरासरी बीपी गर्भाच्या आठवड्यांच्या आकड्याइतकं तरी हवं, २८ आठवड्यांच्या बाळाला २८, हा ठोकताळा आहे. बीपी २६ आहे, पण मेंदूचा आकडा ७०, लघवी चांगली, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) वाढलेलं नाही, अशा वेळी थांबून लक्ष ठेवणं हाही निर्णय असतो. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून ८० ते १०० मिलि. किलोमागे १० मिलि सलाइन म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. ते घाईघाईनं ढकललं तर नाजूक वाहिन्या फुटायची भीती.

मुळात बीपीच चुकीचं मोजलं जातं, याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही. कफची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण निम्मी हवी. अरुंद कफ बीपी जास्त दाखवतो, म्हणजे पडलेलं बीपी झाकतो. नाळेतल्या धमनीत लाइन (बारीक नळी) असेल तर ट्रान्सड्यूसर, म्हणजे तिला जोडलेला दाब मोजणारा भाग, हृदयाच्या पातळीत हवा. तो १० सेंटिमीटर खाली लोंबकळला तर आकडा सातेक मिमीनं फुगतो, आणि इथं सगळा खेळ २५-३० चाच आहे.

‘रक्तस्राव टळतो’: याची रीतसर चाचणी झालीय. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १६६ बाळांच्या युरोपातल्या अभ्यासात (२०१५) पहिल्या तीन दिवसांत मेंदूला ऑक्सिजन कमी पडण्याचं प्रमाण सेन्सरमुळे निम्म्याहून खाली आलं. म्हणून मोठा अभ्यास झाला: १७ देश, १६०१ बाळं, निकाल २०२३ मध्ये. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा सेन्सरच्या गटात ३५.२ टक्के, नेहमीच्या देखरेखीत ३४.० टक्के. फरक नाही. आकडा सुधारला, बाळाचं भवितव्य सुधारल्याचं दिसलं नाही. शिवाय ५५ ही रेषाही सगळीकडे तीच नाही. नवजातांसाठीचे सेन्सर मोठ्यांच्या सेन्सरपेक्षा सुमारे १० अंकांनी जास्त दाखवतात. आणि २५-२६ आठवड्यांची कातडी इतकी पातळ असते, की चिकटपट्टी ओढून काढली तर सोलून निघते.

‘बाळ ठेवू नका’: हे वाक्य सगळ्यात घातक. एसएनसीयूत (सरकारी दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या विशेष कक्षात) स्थिर असलेलं १२०० ग्रॅमचं बाळ निव्वळ या यंत्रासाठी उचलून हलवलं, तर वाटेतला गारठा आणि हादरे हेच रक्तस्रावाला निमंत्रण. यंत्र नसलं तरी बघण्यासारखं बरंच असतं. छातीवर बोट दाबून सोडल्यावर रंग तीन सेकंदांत परतला का? डायपरचं वजन करा. एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिलि लघवी. १२०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवसानंतर चोवीस तासांत २९ मिलिच्या खाली जाता कामा नये.

हलवायचंच असेल तर बाळ पोटात असताना हलवा. जत किंवा आटपाडीकडून सातव्या महिन्यात कळा सुरू झालेली बाई मिरजेला निघत असेल, तर २४ ते ३४ आठवड्यांसाठीच्या डेक्सामेथासोनचा (बाळाची फुप्फुसं लवकर तयार करणाऱ्या औषधाचा) पहिला डोस, ६ मिग्रॅ स्नायूत, गाडी सुटण्याआधीच द्यायचा. सरकारच्या सूचनांप्रमाणे तो एएनएमही (उपकेंद्रातली नर्स) देऊ शकते. उरलेले तीन डोस दर बारा तासांनी. तेव्हा चिठ्ठीवर पहिल्या डोसची वेळ लिहिलेली असली पाहिजे, नाहीतर मिरजेत हे चार डोस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.